हात थरथरतो, म्हणून प्रयोगशाळा सोडू का?

एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ४९, विषय रसायनशास्त्र. तिशीपासून हात किंचित कापायचे, पण गेल्या चार-पाच वर्षांत ते लपेनासं झालं. पिपेटचं (द्रव मोजून घ्यायच्या काचेच्या नळीचं) टोक फ्लास्कच्या काठावर टकटक वाजतं आणि मागच्या रांगेतून हसू फुटतं. ‘सर पिऊन येतात’ अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली आहे. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून ‘इसेन्शियल ट्रेमर’ (काम करताना हात कापण्याचा आजार) असं निदान केलं आणि प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. ती हृदयाची गोळी आहे असं वाचल्यावर त्यांनी आठवड्याभरात ती बंद केली. वडिलांचेही हात थरथरत, शेवटी शेवटी त्यांनी चारचौघांत जाणंच सोडलं होतं. एका समारंभात थोडी दारू घेतल्यावर आपला हात स्थिर झाल्याचं पत्रलेखकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून कार्यक्रमाला जाताना घरून एक पेग घेऊन निघायची सवय लागते आहे. पत्नी म्हणते, सगळ्यांना सांगून मोकळे व्हा. त्यांना वाटतं, सांगितलं की संपलं. त्यापेक्षा प्रात्यक्षिकं सोडून फक्त थिअरी घ्यावी, नाहीतर सरळ स्वेच्छानिवृत्ती. हे पुढे पार्किन्सन्सवर जाईल का, ही धास्ती आहेच. सतरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, तेही कळत नाही. ताजा कलमात विचारलं आहे: कॉफी सोडू का?

सर, नमस्कार.

आधी पार्किन्सन्सचं बघू, कारण ती धास्ती मनात असताना पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. तुम्ही लिहिलंय की हात मांडीवर असले की शांत असतात, काही उचलायला गेलं की सुरू होतात, आणि पिपेट फ्लास्कच्या तोंडाशी आली की सगळ्यात जास्त. पार्किन्सन्सची थरथर बहुतेकदा याच्या उलट वागते. हात स्वस्थ असताना ती दिसते, कामाला लावला की कमी होते. ती सहसा एका बाजूने सुरू होते आणि तिच्यासोबत हालचाली मंदावतात, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जातं. तुमचं अक्षर मोठं आणि नागमोडी झालंय, असं तुम्हीच म्हणता.

२०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जे निकष ठरवले, त्यानुसार दोन्ही हातांना काम करताना कंप, तो किमान तीन वर्षं असलेला, आणि मज्जासंस्थेच्या दुसऱ्या आजाराची लक्षणं नाहीत, असं असेल तरच इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तुमची तर वीसेक वर्षं झाली. या आजाराच्या माणसांना पुढे पार्किन्सन्स होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, हे लपवत नाही. पण बहुतेकांना तो कधीच होत नाही. हात स्वस्थ असतानाही कापू लागला किंवा चाल बदलली, तर डॉक्टरांना दाखवा. तोवर रोज आरशासमोर उभं राहून स्वतःची परीक्षा घेणं बंद.

आता पत्रातल्या ज्या वाक्याशी मी अडखळले त्याकडे येते. ‘ज्याचा स्वतःच्या हातावर ताबा नाही, त्याने मुलांना शिस्त काय शिकवायची?’ हा निष्कर्ष कुठून आला? मेंदूचा मागचा छोटा भाग, म्हणजे सेरेबेलम, तिथून मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस आणि पुढे हालचाल घडवणारा भाग, असं एक वर्तुळ हाताची नेमकी हालचाल सांभाळत असतं. त्या वर्तुळात एक लय अडकून बसते आणि ती सेकंदाला चार ते बारा वेळा हाताला हलवते. माइक स्पीकरजवळ गेला की सभागृहात जी शिट्टी घुमते, तसंच काहीसं. ती शिट्टी वक्त्याच्या चारित्र्याबद्दल काही सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, मग घरी एकटा असताना हात बराच बरा का असतो? वर्गातच का बिघडतो? म्हणजे मनाचंच ना? नाही. चारचौघांची नजर पडली की शरीरात ॲड्रिनलिन वाढतं, आणि ते स्नायूंवर काम करून आधीच असलेला कंप मोठा करतं. ज्यांना कंप नाही त्यांचंही ॲड्रिनलिन अशा वेळी वाढतंच, पण त्यांच्या हाताला मोठं करण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून कुणाला दिसत नाही. झोपेत तुमचा हात पूर्ण शांत असतो, आणि जागेपणी मन कितीही आवरलं तरी ती लय आतून जात नाही. ‘मन घट्ट करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला तुम्हाला वीस वर्षं मिळत आला असेल. तो देणाऱ्यांना माफ करा, पण ऐकू नका.

या माहितीतून दुसरी एक गोष्ट निघते आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. कंप लपवायला जी धडपड लागते, तीच ॲड्रिनलिन वाढवते. तुमचं प्रात्यक्षिकाचं वर्णन पाहा. उजवा हात बाकाखाली, डावा खिशात, मूल जवळ आलं की बाटली खाली ठेवायची, वही तपासायची तर ‘ठेव, नंतर बघतो’. पंचेचाळीस मिनिटं तुम्ही रसायनशास्त्र शिकवत नाही, पहारा देत असता. वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंत की थरथरीने त्यांचं जगणं आक्रसलं. असेलही. पण त्यांच्या आजाराला नाव मिळालं नव्हतं, उपचार नव्हता आणि घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं. त्यांचं बाहेर जाणं नेमकं कशाने थांबलं, हाताने की झाकण्याच्या थकव्याने, हे तुम्हीच जास्त चांगलं सांगू शकाल. विचार करून पाहा, एवढंच म्हणते.

तर सांगायचं की नाही? तुमच्या पत्नीचं मला अर्धं पटतं. ‘सगळ्यांना’ सांगायची गरज नाही. क्रम लावा. पहिले प्राचार्य. त्यांच्याकडे मन मोकळं करायला जाऊ नका, कामाचं घेऊन जा: डॉक्टरांचं निदानाचं पत्र आणि तुम्हाला हव्या असलेल्या दोन-तीन बदलांची यादी. ‘मला हा त्रास आहे’ असं म्हणून थांबलात, तर समोरचा सहानुभूती दाखवेल आणि मनात शंका ठेवेल. ‘तीव्र आम्लं ओतायचं काम प्रयोगशाळा सहायकांकडे द्यावं आणि प्रात्यक्षिक दाखवायला कॅमेरा व पडदा मिळावा’ असं म्हटलंत, तर बोलणं तिथेच कामावर येतं. कुजबुजीचा विषय प्राचार्यांकडे स्पष्ट काढा. ती त्यांच्या कानावर गेलीच असेल. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, सगळी माणसं मोठ्या मनाची नसतात. पण आज त्यांच्यासमोर जी अफवा आहे, त्यापेक्षा निदानाचा कागद वाईट कसा ठरेल?

वर्गात मात्र दारूचा उल्लेख करू नका. ‘मी प्यायलेलो नसतो’ असं शिक्षकाने म्हटलं की जे मूल आजवर तसं समजत नव्हतं तेही समजायला लागतं. एवढंच पुरे: ‘माझा हात कापतो हे तुम्ही पाहिलंय. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, वडिलांकडून आलाय, मला दुखत नाही. आता ब्युरेटचं रीडिंग कुणी घेणार?’ हे उभ्याने, फळ्याकडे वळता वळता म्हणा. भाषण नको. एखादं पोर तरी हसेल, हसू दे. सतरा-अठराच्या वयात मुलं कुठल्याही अवघड गोष्टीला हसतात, आणि रहस्य उरलं नाही की त्यांचा रस फार लवकर संपतो.

दारूबद्दल. मी नीतीचे धडे देणार नाही. हा तुमचा भ्रम नव्हे: या आजाराच्या निम्म्याहून अधिक माणसांचा कंप थोड्या दारूने काही काळ खरंच कमी होतो. म्हणूनच ही गोष्ट डॉक्टरांना सांगा, निदानाला तिचा उपयोग होतो. पण असर उतरला की कंप उसळून येतो, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. मग पुढच्या वेळी एकाचे दोन होतात. शिवाय तुमच्याबद्दल जी अफवा आहे, ती खरी करून दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कार्यक्रमाआधीचा पेग आजपासून बंद करा. (सवय रोजची झाली असेल, पत्रात लिहिल्यापेक्षा जास्त असेल, तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं, आणि सोडतानाही हात कापतात.)

आणि त्या पेगच्या जागी ठेवण्यासारखी गोष्ट तुमच्या कपाटात पडून आहे, जी तुम्ही आठवड्यात सोडलीत.

प्रोप्रॅनोलॉल हृदयाची गोळी आहे, खरं. जेम्स ब्लॅक यांनी ती १९६० च्या दशकात त्यासाठीच शोधली आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ती काय करते? ॲड्रिनलिनला जिथे चिकटायचं असतं ती जागा अडवते. तुमच्या स्नायूंवरही अशाच जागा आहेत. म्हणजे डॉक्टरांनी तुमच्या हृदयात बिघाड आहे म्हणून ती दिलेली नाही. गेली अनेक दशकं इसेन्शियल ट्रेमरसाठी पहिल्या पसंतीची जी दोन औषधं आहेत, त्यांतलं हे एक. दुसरं प्रिमिडोन, मुळात फिट्सचं औषध. त्याच्या पहिल्या काही डोसांनी मळमळ, चक्कर, गुंगी येऊ शकते, म्हणून अगदी थोड्यापासून आणि रात्री झोपताना सुरू करतात. या औषधांचा उपयोग साधारण निम्म्या लोकांना होतो, आणि होतो तेव्हा कंप साधारण अर्ध्यावर येतो. पूर्ण थांबत नाही. तुम्ही बहुधा पूर्ण थांबायची वाट पाहत होता, तेही आठवड्यात. डोस हळूहळू वाढवत नेऊन ठरवायला काही आठवडे लागतात.

अर्ध्यावर आलेला कंप म्हणजे काय, तर कप भरलेला असला तरी सांडत नाही, सही बँकेत जुळते, पिपेट वाजते पण आत जाते. यासाठी गोळी घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. न घेण्याचा निर्णयही चुकीचा नाही, कंप कामात आड येत नसेल तर बरेच जण काहीच घेत नाहीत. पण भीतीने सोडणं वेगळं आणि विचारून सोडणं वेगळं. डॉक्टरांना हेही विचारा की रोज न घेता ठरावीक प्रसंगाआधी तासभर प्रोप्रॅनोलॉलची एक गोळी, असं चालेल का. व्यासपीठावर हात कापू नयेत म्हणून काही वादकही अशीच घेतात. दमा असणाऱ्यांना हे औषध सहसा देत नाहीत. नाडी फार मंद असेल तर नको. मधुमेह असेल तर सांगायलाच हवं, कारण साखर उतरल्याची धडधडीसारखी लक्षणं ते झाकून टाकतं. आणि रोज घेत असाल तर मनाने अचानक बंद करू नका.

या दोन्हींनी भागलं नाही तर टोपिरामेट, गॅबापेंटिन अशी औषधं आहेत. मानेच्या किंवा आवाजाच्या कंपासाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. हातात दिली तर पकड सैल पडू शकते. शस्त्रक्रियेचं तुम्ही विचारलेलं नाही, पण वाचनात येईलच. थॅलॅमसमध्ये तार बसवून विजेचे सौम्य ठोके द्यायची पद्धत १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे बेनाबिद यांनी पुढे आणली, आणि अमेरिकेत १९९७ मध्ये या आजारासाठी तिला मान्यता मिळाली. कवटी न उघडता अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटून तो भाग तापवून निकामी करण्याच्या पद्धतीला २०१६ मध्ये. पहिलीत यंत्र कमी-जास्त करता येतं, दुसरीत केलेलं परत फिरवता येत नाही आणि काहींना चालताना तोल जाणं, बधिरपणा असा त्रास उरतो. औषधं हरली आणि घास तोंडापर्यंत नेता येईना, अशांसाठी हे मार्ग मोलाचे आहेत. तुम्ही अजून पहिल्या गोळीचीही नीट परीक्षा घेतलेली नाही.

आता प्रयोगशाळा. तुम्ही तिथून निघण्याआधी तिची मांडणी बदलून पाहा, असं मला कळकळीने सांगायचंय. ब्युरेट स्टँडलाच अडकवलेली असते, ती धरायची नसते. फ्लास्क तर टायट्रेशनमध्ये सतत हलवायचाच असतो. (तुमच्या हाताला याहून सोयीचं काम रसायनशास्त्रात नसेल!) अडचण मोजून ओतण्याची आणि पिपेटची आहे. तिथे बाटलीच्या तोंडाला बसणारा डिस्पेन्सर, वॉशबॉटल, रुंद तोंडाचं बीकर आणि फनेल वापरा. ओतताना भांड्याची कड दुसऱ्या भांड्याला टेकवली की हवेत तरंगणारा हात राहत नाही. कोपर बाकावर, मनगट टेकलेलं, दंड अंगाशी. हात जितका शरीरापासून लांब, तितका कंप मोठा दिसतो. तीव्र आम्ल मात्र तुम्ही हाताळूच नका, इथे मानापमानाचा प्रश्न नाही, मुलं समोर उभी असतात. आणि सूक्ष्म कृती मुलांना करायला लावा. हे तुम्ही आजही करता, पण चोरून. उघडपणे केलंत तर ती शिकवण्याची पद्धत होते, आणि मला तर चांगली वाटते.

फळ्यावर मनगटाने न लिहिता खांद्यातून हात फिरवून मोठी अक्षरं काढा. सही सुटसुटीत करा आणि बँकेत नमुना बदलून घ्या, दर वेळी काउंटरवर घाम फोडून घेऊ नका. फोनवर बोलून टाइप करा, कॉम्प्युटरवर माउसचा वेग कमी करा, चुकून दोनदा दाबलेली कळ दुर्लक्षित करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. जाड, जरा वजनदार पेन काहींना मानवतं, काहींना अजिबात नाही, म्हणून विकत घेण्याआधी कुणाचं तरी वापरून पाहा. झाकणाचा मग, अर्धा भरलेला कप, दोन्ही हात, स्ट्रॉ. दाढीला इलेक्ट्रिक रेझर.

याच त्रासाने हे पान वाचणाऱ्या इतरांसाठी मध्येच एक गोष्ट. स्वतःच निदान करू नका. थायरॉइड वाढलेलं असलं की हात कापतात. दम्याचा सालब्युटामॉल, लिथियम, व्हॅलप्रोएट, काही नैराश्याची औषधं यांनीही कापतात. चाळिशीच्या आत कंप सुरू झाला तर डॉक्टर विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार, नाही ना हेही पाहतात, कारण त्यावर उपचार आहेत. कंप एकाएकी सुरू झाला किंवा सोबत हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्वेच्छानिवृत्तीबद्दल सर, माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. औषधाची नीट परीक्षा, प्राचार्यांशी बोलणं आणि बदललेल्या मांडणीत एक पूर्ण सत्र, हे तिन्ही होईपर्यंत अर्जाला हात लावू नका. त्यानंतरही प्रात्यक्षिकं नकोशी वाटली तर खुशाल थिअरी घ्या. तो निर्णय तेव्हा तुमचा असेल. आज तो मागच्या रांगेतली तीन पोरं घेताहेत.

मुलीला सांगाच. तुमच्या घरात दिसतं तसं पिढी दर पिढी आलेलं असेल, तर तिच्यात येण्याची शक्यता साधारण निम्मी. नेहमीच्या तपासणीत निश्चित सांगू शकेल अशी जनुकीय चाचणी नाही, त्यामुळे तिला त्या मागे लावू नका. आला तरी कधी आणि किती, ते कुणी सांगू शकत नाही. अनेकांना आयुष्यभर सौम्यच राहतो. पासष्टीच्या पुढच्या शंभरांत चार-पाच जणांना हा असतो, म्हणजे ती काही जगावेगळी ठरणार नाही. सांगताना ‘माझ्यामुळे तुला’ हा सूर नको. तिने तुमचे हात लहानपणापासून पाहिले आहेत, तिला नाव तेवढं माहीत नाही. आणि तिचा हात आधीच कापत असेल आणि तीही लपवत असेल, ही शक्यता मनात ठेवूनच बोला. तिला विचारा, सांगा, मग गप्प बसा आणि तिला बोलू द्या.

डॉक्टरांकडे परत जाताना तीन गोष्टी न्या. न टेकता, दोन्ही हातांनी काढलेलं एक-एक गोगलगायीसारखं चक्र, खाली तारीख टाकून. दर महिन्याला एक काढा, औषध लागू पडतंय का ते कागदावर दिसेल. दुसरं, पिपेट धरलेल्या हाताचा छोटा व्हिडिओ, कारण दवाखान्यात हात नेमका शहाण्यासारखा वागतो. तिसरं, ज्या कामांनी तुमचं अडतं अशा तीन कामांची यादी. ‘कंप कमी करा’ यापेक्षा ‘पिपेट, सही आणि कप’ हे सांगितलंत तर डॉक्टरांनाही डोस कशासाठी वाढवायचा ते कळतं.

कॉफीचं: कॅफिनने काहींचा कंप वाढतो, काहींचा नाही. तुम्ही प्रयोग करणारी माणसं, तेव्हा बाकी काही न बदलता दोन आठवडे बंद करा, आधी आणि नंतर चक्र काढा, दोन्ही कागद शेजारी ठेवा. फरक दिसला तर कमी करा. नाही दिसला तर उगाच कशाला सोडता?